मदत हवी आहे: अकरावीत ऑर्केस्ट्रा ठेवावा की आणखी एक एपी घ्यावा? (टेक्सास)

मंडळी, शाळेचा कोर्स सिलेक्शनचा फॉर्म येत्या शुक्रवारपर्यंत भरायचा आहे आणि गेले दहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. इथे टेक्सासमधले आणि मुलांच्या अ‍ॅडमिशनमधून गेलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक दहावीत. पुढच्या वर्षी आठ विषय घ्यायचे, चार 'ए' दिवशी आणि चार 'बी' दिवशी. त्यातले सहा ठरलेत (एपी म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय): एपी इंग्लिश लँग्वेज, एपी यूएस हिस्टरी, कॅल्क्युलस बीसी, एपी केमिस्ट्री, फिजिक्स आणि स्पॅनिश. सातवा कॉम्प्युटर सायन्स ए, तो तिला स्वतःलाच हवाय. घोडं अडलंय आठव्यावर.

ती सहावीपासून शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. व्हायोलिन नव्हे, व्हायोला. (हे मला दर दिवाळी पार्टीत सांगावं लागतं.) गेल्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ऑल-रीजनला (भागातल्या शाळांमधून निवडलेल्या मुलांचा ऑर्केस्ट्रा) निवडली गेली. पडद्यामागे परीक्षक, हातात फक्त एक नंबर, आणि एकच एट्यूड (सरावाची रचना) दोन महिने घोटून घोटून आम्हालाही पाठ झालेला. निकाल लागला त्या रात्री ती राळ लागलेल्या बोटांनीच जेवायला बसली आणि मी पहिल्यांदाच काही बोलले नाही.

आता अडचण. ऑर्केस्ट्रा हा रेग्युलर वेटचा विषय. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये एपीला पाचपैकी गुण, रेग्युलरला चारपैकी. समजा बाकी सात विषयांत (सगळे एपीच) तिला पूर्ण पाच मिळाले आणि ऑर्केस्ट्रात पूर्ण चार, तर सरासरी ३९ भागिले ८, म्हणजे ४.८७५. ऑर्केस्ट्राऐवजी एपी एन्व्हायर्न्मेंटल घेतलं तर पूर्ण ५. आणि गंमत बघा, आठवा तास रिकामा ठेवून घरी झोपली, तरी ३५ भागिले ७, पुन्हा पूर्ण ५! झोपण्यापेक्षा व्हायोला वाजवणं महाग पडतंय. माझी भाची तिकडे कोल्हापूरला इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा देऊन बसलीये, तिला दहावीला वाढीव गुण मिळणार. इथे कलेचे गुण वजा होतात म्हटल्यावर ताईचा विश्वासच बसेना.

आणि सरासरीचं एवढं का, तर रँकमुळे. १९९७ च्या कायद्याने टेक्सासमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना थेट प्रवेश आहे. पण यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) वेगळी मर्यादा आहे. ती आधी ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ झाली. लेकीच्या वर्गात ५२० मुलं, तिचा रँक ३१. ६ टक्के म्हणजे ३१, ५ टक्के म्हणजे २६. मोजून पाच मुलांनी बाहेर! रँक अकरावीच्या शेवटी पक्का होतो, म्हणजे हे शेवटचंच वर्ष.

नवऱ्याचं म्हणणं, फाइन आर्ट्सचं लागणारं एक क्रेडिट नववीतच झालंय, मग आता कशाला? वाजवायचं तर घरी वाजव. लेक म्हणते, ऑर्केस्ट्रा घरी वाजवता येत नाही, बाबा. दोघांचंही बरोबर वाटतं, हीच पंचाईत. तिला इंजिनिअरिंग हवंय, निदान या आठवड्यात तरी.

कोणी यातून गेलंय का?

लेकुरवाळा_ऑस्टिन
गेलोय, दोनदा. आधी एक गैरसमज दूर करतो. ऑटोमॅटिक अ‍ॅडमिशन युनिव्हर्सिटीत मिळते, मेजरमध्ये (हव्या त्या शाखेत) नाही. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर ५ टक्क्यांतल्या पोरांचाही अर्ज सगळ्यांबरोबर वाचला जातो: निबंध, रेझुमे, एसएटी किंवा एसीटी (यूटीने दोन्हींपैकी एक परत सक्तीची केली आहे), सगळं. माझा थोरला रँकमध्ये आत होता, तरी त्याला पहिल्या पसंतीचं मेजर नाही मिळालं. धाकटी बाहेर होती, तिला मिळालं. म्हणून त्या पाच नंबरांसाठी व्हायोला विकू नका.
दुसरं, डिस्ट्रिक्टच्या कोर्स कॅटलॉगमध्ये 'जीपीए एक्झेम्प्ट' (जीपीए म्हणजे ही गुणांची सरासरी) शोधा. काही डिस्ट्रिक्टांत फाइन आर्ट्स किंवा स्पोर्ट्स वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांना तो विषय रँकच्या सरासरीतून वगळून घेता येतो. फॉर्म मुदतीत भरावा लागतो. मुदत गेली की कोणी विचारत नाही.

पुणेरी_पाटी
आमच्या वेळी इलेक्ट्रॉनिक्सचे २०० मार्क मिळतात म्हणून अर्धा वर्ग बायफोकलला (अकरावी-बारावीचा व्होकेशनल विषय) पळाला होता. इलेक्ट्रॉनिक्सशी कोणाचं काय देणंघेणं होतं? फक्त देश बदलला. चालू द्या.

बे_एरियातली_शुभा
आमच्याकडे उलटं आहे, म्हणून लिहिते. यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ए-टू-जी विषयांत, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या यादीत, एक वर्ष कलेचं लागतंच, तो 'एफ' रकाना. शिवाय एपीचे जास्तीचे गुण फक्त आठ सेमिस्टरपर्यंत धरतात, त्यातही दहावीचे चारच. त्यापुढे कितीही एपी घेतले तरी तो जीपीए वाढत नाही. ही खिचडी ज्या त्या राज्याची वेगळी. तेव्हा ऐकीव सल्ले (माझासुद्धा) आपल्या राज्याच्या चाळणीतून काढा.
कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) जिथे चालतो तिथे एक मात्र सारखं: त्या अर्जाबरोबर काउन्सेलर जो रिपोर्ट पाठवतो, त्यात त्याला मुलाचे विषय शाळेत मिळण्यासारख्यांच्या मानाने किती कठीण होते हे विचारलेलं असतं. तुमच्या लेकीचे सात विषय बघता, आठव्याने तिथे काही फरक पडेल असं मला वाटत नाही.

रागदारी
एपी म्युझिक थिअरी आहे का शाळेत? कलाही आणि वेटही.

मूळ धागाकर्ती
@रागदारी, कॅटलॉगमध्ये आहे, पण पुरेशी मुलं नावं देत नाहीत म्हणून वर्ग भरत नाही असं कळलं. आणि थिअरी म्हणजे कागदावरचं संगीत, तिला सेक्शनमध्ये, बाकी व्हायोलावाल्यांबरोबर, बसायचं असतं.

अर्धवट_इंजिनिअर
काकू, मी मूल आहे या गोष्टीतलं :) आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी अकरावीत चेलो सोडला, तुम्ही म्हणताय त्याच कारणासाठी. एपी सायकॉलॉजी घेतलं, पाच मिळाले, रँक चार नंबरांनी वर गेला. आई-बाबा खूश. पण मे महिन्यात पहिले दोन आठवडे सहा एपी परीक्षा आल्या तेव्हा दिवसभरात डोक्याला विश्रांती देणारा एकही तास उरला नव्हता. आधी तो ऑर्केस्ट्राचा होता, हे तेव्हा कळलं. चेलो अजून आईच्या कपाटामागे उभा आहे. सांगायचं एवढंच की तिला विचारा, सकाळी सातची सेक्शनल (एकाच वाद्याच्या मुलांचा सराव) आणि एपी केमची लॅब एकाच दिवशी झेपेल का. झेपणार नसेल तर केम बारावीत टाका, व्हायोला नको.
आणि डुअल क्रेडिटचं (एकच विषय शाळेत आणि कॉलेजात दोन्हीकडे धरला जातो) कोणी सुचवलं तर जरा जपून. कम्युनिटी कॉलेजमधला तो ग्रेड कायमचा कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहतो. अकरावीतली एखादी 'सी' पुढे मेडिकलच्या अर्जातही दाखवावी लागते.

लेकुरवाळा_ऑस्टिन
अर्धवटरावांना अनुमोदन. एवढ्यात नाव बदला, तुम्ही पूर्ण आहात.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काउन्सेलरला भेटले. एक्झेम्प्शनचा फॉर्म आहे! कॅटलॉगच्या पार मागच्या पानावर, बारीक अक्षरात, आणि लागणारं क्रेडिट पूर्ण झालेल्यांनाच. म्हणजे नवऱ्याचा मुद्दा त्याच्यावरच उलटला. पुढची दोन वर्षं ऑर्केस्ट्रा सरासरीत धरणार नाहीत. नववी-दहावीचं जे गेलं ते गेलं, ते परत मिळत नाही. पण आता वाजवणं आणि झोपणं एका भावात आलं, एवढं तरी झालं.

मेजरचं ऐकून नवरा जरा गप्प झालाय. स्प्रेडशीट मात्र अजून उघडीच आहे त्याची.

घरी येऊन लेकीला सांगायला गेले तर तिने पोर्टलवर फॉर्म मंगळवारीच भरून टाकला होता. पहिल्याच ओळीत ऑर्केस्ट्रा. एपी केमिस्ट्री तिने आपणहून बारावीत ढकललंय आणि त्या जागी एन्व्हायर्न्मेंटल घेतलंय, म्हणजे बाबांनाही काहीतरी मिळालं.

आता शेवटचा प्रश्न, मग धागा बंद करते. फिजिक्सच्या रकान्यात तिने अजून काही भरलेलं नाही. कॅल्क्युलस बीसी बरोबरच चालू असताना सरळ फिजिक्स सी मेकॅनिक्स (कॅल्क्युलस लागणारं एपी) घ्यावं, की आधी फिजिक्स १ (कॅल्क्युलस न लागणारं एपी)? अर्धवट_इंजिनिअर, तू काय केलं होतंस?