नाताळात घर भरलेलं असतं पण सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला वेळच मिळत नाही, तुमच्याकडे कसं जमवता?

मानकापूरची_सून:
सगळ्यांना सलाम. नोव्हेंबर संपत आला की मला टेन्शन यायला लागतं म्हणून आत्ताच विचारून राहिली. आमचं घर एकत्र आहे, सासूसासरे, दीर-जाऊ, पोरं, आणि २२ तारखेपासून नणंद अमरावतीहून येते, आत्याबाई परतवाड्याहून. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, नानकटाईचं सामान बेकरीत नेऊन भाजून आणायचं, पोरांचे कपडे सीताबर्डीतून, त्यात डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समधून ऑफिसला जायचं म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच. रात्री उशिरा नाताळची गाणी म्हणत कॅरल पार्टी येते, त्यांचा चहा. २५ ला उपासनेहून घरी आलं की दुपारपासून शेजारी, ऑफिसचे लोक, रात्रीपर्यंत रांग. मला हे सगळं आवडतं हो, माणसं यावीत असंच वाटतं. पण प्रभूच्या जन्माचा दिवस निघून जातो आणि चर्च सोडलं तर घरात त्याच्याबद्दल कोणी एक वाक्य बोललेलं नसतं. मागच्या वर्षी माझ्या मुलाला त्याच्या मित्राने विचारलं की नाताळ म्हणजे काय, तर तो म्हणाला सांता येतो आणि गिफ्ट देतो. मला फार लागलं ते. सासूबाई पहाटे उठून प्रार्थना करतात पण एकट्याच. मी काही नवीन सुरू करायला गेली तर जाऊबाईंना वाटेल आणखी एक काम वाढवलं. तुम्ही घरी काय करता ते सांगा ना.

गिट्टीखदान_काकू:
बेटा, आमच्याकडे बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान वाचतो. लूकमध्ये २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरला पहिला, रोज एक, २४ तारखेला शेवटचा. रात्री जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी, कारण एकदा माणूस उठला की मोबाईल घेऊन बसतो, मग कोणी परत येत नाही. पंधरा मिनिटांच्या वर लागत नाही. आता गंमत अशी की जन्माची गोष्ट दुसऱ्याच अध्यायात संपते, पोरं विचारतात आजी मग बाकीचं काहून वाचायचं. वाचायचंच. २२ आणि २३ तारखेला घरात तळणाचा वास, पाहुणे आलेले, पोरं नाचून राहिलेली, आणि त्याच दोन रात्री येशूला धरून नेणं आणि वधस्तंभ हे अध्याय येतात. माझ्या नातवाने एकदा विचारलं की बाळ कालपरवाच तर झालं होतं ना आजी, आणि सगळे गप्प झाले, माझा जावई जो कधी बोलत नाही तो त्या दिवशी प्रार्थनेत बोलला. गोठ्यात आलेलं बाळ कशासाठी आलं ते पोरांना त्या वयात जेवढं कळायचं तेवढं कळतं, आणि २४ ला पुनरुत्थान वाचून माणूस उपासनेला जातो तेव्हा गाणं वेगळंच निघतं. २५ ला सकाळी दुसरा अध्याय परत वाचायचा, पहिली २० वचनं, बस.

मोहननगर_माहेर:
काकू किती छान. ताई, माझं माहेर कॅथलिक आणि सासर सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही चालतं. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, म्हणजे आगमन रविवारांच्या, चार मेणबत्त्या लावतो, तीन जांभळ्या, एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी. लावताना एकाने एक ओळ प्रार्थना करायची, लांब भाषण नाही. गोठा आम्ही डिसेंबरच्या सुरवातीलाच मांडतो पण गव्हाणी रिकामी ठेवतो, बाळ २४ च्या रात्री घरातलं सगळ्यात लहान पोर ठेवतं. महिनाभर येताजाता पोरं ती रिकामी जागा बघतात आणि विचारतात, तेच पाहिजे असतं. आणि त्यांना संत फ्रान्सिसची गोष्ट सांगा, १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून ख्रिस्तजन्म मांडला होता, लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. सासरचे आधी म्हणाले हे आपल्यात नसतं. तेव्हा माझे सासरेच म्हणाले की १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, प्रत्येकाची रीत वेगळी होती, तर एका घरात दोन रीती का नाही राहणार. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

जरीपटका_७७:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. वाचन, मेणबत्त्या सगळं चांगलं आहे पण ताईंचा प्रश्न परत वाचा, करंज्या कोण करून राहिलं, चहा कोण ठेवून राहिलं. भाऊ लोक हॉलमध्ये बसून म्हणतात चला आता प्रार्थना करू आणि बायका गॅसजवळून कान देऊन ऐकतात, हे मी कितीतरी घरी पाहिलंय, आमच्याही. मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट, एक कामात आणि एक येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, आपण लूक १० मधून दरवर्षी ऐकतो आणि मार्थालाच समजावतो की इतकी दगदग करू नको, पण घरातला एक पुरुष उठून तिच्या हातातलं काम घेत नाही. आमच्याकडे आता आम्ही दोघं भाऊ २४ ला स्वयंपाक सांभाळतो. चकल्या आणि अनारसे ऑर्डर देतो, घरी फक्त करंज्या, त्याही सगळे मिळून भरतात. आई करंज्या भरताना टिळकांची भजनं म्हणते, रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपल्या मराठी उपासनेत आजही त्यांची कितीतरी गीतं आहेत, आणि पोरांना ती ऐकून ऐकूनच पाठ झाली. कामं कमी केल्याशिवाय प्रभूसाठी वेळ कुठून निघेल, मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

इंदोरा_शेजारी:
मी ख्रिश्चन नाही, बौद्ध आहे, पण आमच्या बिल्डिंगमध्ये दोन ख्रिश्चन कुटुंबं आहेत आणि दर २५ ला आम्ही त्यांच्याकडे जातो म्हणून लिहितोय. आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणारे नातेवाईक उतरतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, तरी बाबा वंदना झाल्याशिवाय ताट वाढू देत नाहीत, मग पाहुणा कोणी असो. कोणालाच वाईट वाटत नाही, उलट दुसऱ्या धर्माचे मित्र पण शांतपणे बसतात. तुम्ही पाहुण्यांसमोर संकोच करत असाल तर करू नका. आम्ही इतकी वर्षं केक खाऊन येतो, तो गोठा बघतो, ती माणसं कोण, तो तारा कशाचा, कोणी सांगितलंच नाही कधी. सांगितलं तर आम्हाला आवडेल. तुमच्या मुलालाच सांगू द्या ना, पाहुण्यांना गोठ्यापाशी नेऊन.

मानकापूरची_सून:
सगळ्यांचे खूप आभार, इंदोऱ्याच्या दादांचं वाचून तर डोळे भरून आले. मी काल सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या लूकचं आपण करू आणि जाऊबाईंना मी सांगते. दीर म्हणाले चकल्या बाहेरून मागवू, यावर मात्र सासूबाई तयार नाहीत, बघू. मुलगा गोठ्यापाशी उभा राहून सांगायला तयार आहे पण त्याला लिहून पाहिजे, तर मी लूक २ मधलं त्याच्या भाषेत लिहून देणार, मेंढपाळांपासून. काकू एकच विचारायचं होतं, पहिला अध्याय खूप मोठा आहे हो, लहान पोरं बसतील का तेवढं?

गिट्टीखदान_काकू:
८० वचनं आहेत त्यात, एकट्याने वाचू नका. वाटून द्या. ४६ ते ५५ येशूच्या आईचं, मरीयेचं गीत आहे, ते सासूबाईंना द्या, ६८ पासून योहानाच्या बापाचं, जखऱ्याचं आहे, ते सासऱ्यांना. देवदूताचं बोलणं मोठ्या पोराला. लहान झोपलं तर झोपू द्या, दुसऱ्या दिवशी बसेल. आणि चकल्यांचं मी बोलू का तुमच्या सासूबाईंशी?