मदत हवी आहे: आयसीयूत बाबांचं नळीतलं फीड सारखं बंद होतंय, डॉक्टरांना काय विचारू?

बाबा, वय ६७, वजन ५८ किलो. न्यूमोनिया झालाय, व्हेंटिलेटरवर आज पाचवा दिवस. दुसऱ्या दिवशीच नाकातून राइल्स ट्यूब घालून फीड सुरू केलं, दर दोन तासांनी १२० मिली. काल संध्याकाळी सिस्टरांनी सिरिंजने ओढून पाहिलं तर पोटातून २२० मिली परत आलं, म्हणून फीड बंद. आज सकाळी निम्मं सुरू केलं, तर दुपारी सीटीसाठी पुन्हा बंद. आता सात वाजलेत, अजून सुरू नाही. डाएटिशियनच्या कागदावर दिवसाला १४०० कॅलरी लिहिलंय, त्यातलं निम्मंही पोटात गेलेलं नाही. बाबा उपाशी आहेत का? भेटायला दहाच मिनिटं मिळतात आणि त्यात माझं डोकं चालत नाही. आत्या रोज मुगाचं कढण डब्यात घेऊन येते. "पावडरीत कसली ताकद," म्हणते. ते देता येईल का?

पालवी: मी आयसीयूतच डाएटिशियन आहे. पहिल्या आठवड्यात कमी गेलं म्हणून लगेच घाबरू नका. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांत पहिल्या ७ ते १० दिवसांसाठी किलोमागे १२ ते २५ कॅलरी म्हटलंय. बाबांच्या वजनाला म्हणजे ७०० पासून १४५० पर्यंत.

राहिला प्रश्न २२० मिलीचा. पोट फुगलेलं नसेल, उलटी नसेल, तर ५०० च्या आत नुसत्या त्या आकड्यावरून फीड थांबवू नये असं त्याच संस्थेच्या २०१६ च्या सूचनांत आहे. फ्रान्समध्ये तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं असं ओढून पाहणंच बंद करून बघितलं (२०१३ साली छापून आलं), तरी न्यूमोनिया वाढला नाही. पण म्हणून डॉक्टरांशी आकड्यावरून भांडू नका. बीपी फार उतरू नये म्हणून देतात ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू आहे का आणि डोस वाढतोय का, हे आधी विचारा. बीपी सावरत नसेल तेव्हा आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, आणि मग फीड थांबवणंच बरोबर. तसं नसेल तर दोन गोष्टी विचारा: पोटातलं फीड पुढे सरकायला मेटोक्लोप्रमाइड हे औषध देता येईल का, आणि एकदम १२० देण्याऐवजी पंपावर थोडं थोडं देता येईल का.

सीटीनंतर फीड सुरू करायचं राहून जातं, हे आमच्याकडेही होतं. सरळ आठवण करा, कुणी रागवत नाही.

कढण नको. नळी चोंदते, किती कॅलरी गेल्या कळत नाही, आणि घरून येईपर्यंत त्यात जंतू वाढतात.

जुना_पाहुणा: आमच्या आईच्या वेळचं सांगतो. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे ना, तेवढं रोज बघत जा. नाकापाशी नळीवर खूण असते, ती सरकलेली दिसली तर सिस्टरना हाक मारा, स्वतः हात लावू नका. आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी बाबांचं जेवण किती दिवस सुटलं होतं? आईचं दहा दिवस सुटलं होतं, ते आम्ही सांगितलंच नाही. फीड भराभर वाढवलं आणि रक्तातलं फॉस्फेट घसरलं.

पालवी: हे फार महत्त्वाचं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम जास्त फीड दिलं की असं होऊ शकतं. नक्की सांगा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. विचारलं. काल रात्री नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवावं लागलं होतं, बंद ठेवण्याचं कारण तेच. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आज डोस उतरलाय, पंपावर तासाला २० मिलीने सुरू केलंय. आठवडाभर बाबा चहा-बिस्किटावरच होते हेही सांगितलं, तर लगेच फॉस्फेट-पोटॅशियमला रक्त पाठवलं. आत्याचं कढण सध्या मीच पितेय.