‘रिफ्रेश’ला मराठीत काय लिहायचं?

तारकर्लीला काकांचं होमस्टे आहे. बुकिंगचं पान लॅपटॉपवर सकाळपासून उघडं असतं, आणि नवीन काही दिसलं नाही की मला मुंबईला फोन: “अरे, कालपासून एक पण गिराईक नाय!” म्हणून भिंतीवर चिकटवायला मराठीत सूचना लिहितोय. पहिल्याच ओळीत अडलो. ‘ताजेतवाने करा’ लिहिलं तर काका आंघोळीला जातील.

—

मग नुसतं ‘ताजे करा’ लिहा. शब्द मूळचा फारसी, पण आता घरचाच झालाय.

—

मी मालवणची, माझा ‘ताजे’ला विरोध. कालच्या बांगड्यावर पाणी मारलं की तो चकचकतो, ताजा होत नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा-दहा वेळा रिफ्रेश मारणारे नेमकं हेच करतात. आयकॉन पुन्हा रंगवले जातात, फायलींची यादी पुन्हा वाचली जाते. कॉम्प्युटरचा वेग तसूभरही वाढत नाही. ब्राउझरमध्ये एफ५ किंवा कंट्रोल+आर दाबलं की सर्व्हरकडे पुन्हा मागणी जाते, तरी चित्रंबित्रं बरेचदा कॅशमधली, म्हणजे घरात ठेवलेलीच वाढली जातात. कंट्रोल+एफ५ म्हणजे फ्रिजमधलं काही नको, सगळं होडीवरून आण.

तेव्हा एका शब्दात भागत नाही. फोल्डरसाठी ‘यादी पुन्हा दाखवा’, वेबसाइटसाठी ‘पान पुन्हा आणा’. मालवणीत तर ‘पान परत हाड’. (घाटावरच्यांना यात हाडं दिसतील, त्याला इलाज नाही.)

—

‘पुन्हा आणा’ आवडलं. फोनवर काकांना सांगितलं, एफ५ दाबा. त्यांनी दाबलं आणि स्क्रीन काळवंडली. आता लॅपटॉप बिघडवल्याचं खापर माझ्यावर.

—

बिघडलेला नाही. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतली बटणं आधी आवाज आणि उजेडाची असतात. डावीकडे खाली एफएन आहे, ते धरून एफ५ दाबायचं. त्यापेक्षा कागदावर कंट्रोल+आर लिहा, ब्राउझरमध्ये ते सगळीकडे चालतं. मॅक असेल तर कमांड+आर. आणि ‘दाबा’ नको, ‘कंट्रोल दाबून धरा, मग आर’ असं लिहा. आमच्या आईने दोन्ही एकापाठोपाठ दाबून शोधाच्या चौकटीत आर, आर, आर अशी रांग लावली होती.

एफ५ म्हणजे रिफ्रेश हे समीकरणही पक्कं नाही. नोटपॅडमध्ये त्याने तारीख-वेळ उमटते, पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू होतो.

—

एक ओळ लाल पेनाने घाला: पैसे भरताना पान पुन्हा आणू नका. तोच फॉर्म दुसऱ्यांदा जाऊ शकतो.

—

घातली. कागद लागला, त्याचा फोटोही आला. माझ्या ‘पान पुन्हा आणा’वर काट मारून काकांनी बॉलपेनने लिहिलंय, ‘परत हाड’. बुकिंग दोन निघाली, त्यातलं एक कालचं.