सावल्या एक्स्पोजरनेच मिळतात

डेल्टा ३२०० या इलफर्डच्या ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मवर रात्री काढलेल्या फोटोंत सावल्या कोऱ्या, म्हणजे तपशीलाशिवाय आल्या, तर पुढच्या वेळी डेव्हलपिंग (फिल्म रसायनात धुऊन चित्र उमटवणं) लांबवावं का, हा प्रश्न वर आलाय. माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही. वेळ वाढवली की उजळ भाग भराभर दाट होतात. पण सावलीत जिथे प्रकाश नोंदलाच गेला नाही, तिथे डेव्हलपर, म्हणजे ते रसायन, काय करणार? निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून कडेची अक्षरं बघा. ती ठळक काळी असतील आणि सावल्या पार स्वच्छ, तर डेव्हलपिंग नीट झालंय, एक्स्पोजर कमी पडलंय.

नावात ३२०० असलं तरी इलफर्ड स्वतःच या फिल्मचा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १००० सांगते. म्हणून मी प्रकाश मोजायचं मीटर १६०० वर लावते आणि डेव्हलप करताना ३२०० ची वेळ देते: डीडी-एक्स डेव्हलपर १+४ (एक भागाला चार भाग पाणी), २० अंशांना साडेनऊ मिनिटं. ग्रेन (चित्रातले कण) दिसतो, दिसू दे, चेहरे तरी जिवंत राहतात! मीटरिंग मात्र चेहऱ्याजवळ जाऊन करा. चौकटीत एक उघडा बल्ब आला तरी मीटर फसतं.

एचपी५ ही इलफर्डचीच दुसरी फिल्म १६०० ला ओढायची, म्हणजे मीटर १६०० वर लावून जास्त वेळ डेव्हलप करायची असेल तर त्याच डेव्हलपरमध्ये १३ मिनिटं.

आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी सहज तिशीला जातं. बर्फ डेव्हलपरमध्ये नको, बाटलीभोवतीच्या टबात टाका, आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) व धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाच्या जवळपास ठेवा. विमानप्रवासात डेल्टा ३२०० सामानाच्या स्कॅनरमध्ये जाऊ देऊ नका, हाताने तपासायची विनंती करा.