मदत हवी: पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की नुसता गॅस, महाधमनी दिसत नाही

देवगडी_डॉ: व्हिडिओत दोन सेकंदांत दिसते, मला अर्धा तास सापडत नाही. काय चुकतंय? जरा लवकर सांगा.

खाडीकाठ: प्रोब कुठला? पेशंट केवढा? होतंय काय? आम्ही काय अंतर्ज्ञानी?

देवगडी_डॉ: लिनियर, सपाट तोंडाचा. शीर शोधायला वापरतो तोच.

खाडीकाठ: तिथंच घोडं अडलंय. तो एवढा खोल बघत नाही. कर्व्हिलिनियर काढा, बाकदार तोंडाचा. छातीच्या हाडाखाली आडवा धरून आधी मणका शोधा: पांढरी कमान, मागे काळी सावली. त्याच्या पुढ्यात पेशंटच्या डावीकडे महाधमनी, उजवीकडे आयव्हीसी, म्हणजे मोठी नीला. दाबल्यावर चपटी होते ती आयव्हीसी. गॅस असेल तर गुडघे दुमडायला लावा आणि प्रोब हळूहळू दाबत धरून ठेवा, आतडी सरकतात. बेंबीजवळ महाधमनीला दोन फाटे फुटतात, तिथपर्यंत जायचं.

कुळीथपिठी: कुळथाचो काढो दी रे. माझ्या मामाचो मुतखडो तेच्यानच पडलो.

घाटमाथा: सरळ सीटी अँजिओ करा की.

खाडीकाठ: आमच्याकडून सीटी दीड तासावर. बीपी ८० असताना पेशंटला घेऊन फिरू?

घाटमाथा: मग धमनी बघून तरी काय दिवे लावणार?

खाडीकाठ: गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरला फोन करताना 'पोटात कळ' नाही, 'महाधमनीला ६ सेंटीमीटरचा फुगा' म्हणता येतं. १०८ पोचेपर्यंत तिकडे सर्जन उठलेला असतो.

नियमवाला: मशीन पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली, नोंदलंय ना? पोर्टेबल असेल तर उचलून कुठेही नेता येत नाही.

खाडीकाठ: इथे आजोबांची पोटं बघायची आहेत हो!

नियमवाला: सील मशीनला लागतं, आजोबांना नाही.

देवगडी_डॉ: नोंदलंय. पेशंट परवाचे. वय ७२, विडी ओढणारे. डाव्या कुशीत कळ, एकदा घेरी. एका दवाखान्यात मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी धाडलेलं. माझ्याकडे बीपी ९०. पोटात मोकळं रक्त दिसलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. पुढे पाठवले, तिथे महाधमनी फुटलेली निघाली.

खाडीकाठ: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! फुटल्यावर रक्त बहुधा पोटाच्या पोकळीत न येता मागे साचतं, ते सोनोग्राफीत सहसा कळत नाही. रक्त नका शोधू, व्यास मोजा. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. नाहीतर कडेची गुठळी वगळून नुसती पोकळी मोजली जाते आणि फुगा लहान वाटतो. ३ सेंटीमीटर किंवा जास्त म्हणजे फुगा. वर अशी कळ आणि घेरी असेल तर फुटलाय असंच धरायचं.

घाटमाथा: आणि डिसेक्शन असेल, म्हणजे धमनीच्या भिंतीचे पदर सुटले असतील, तर?

खाडीकाठ: आत पापुद्रा फडफडताना दिसला तर निदान झालं. नाही दिसला तरी डिसेक्शन नाही असं म्हणता येत नाही. तिथे सीटीच.

घाटमाथा: मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?

कुळीथपिठी: म्हणजे खडो नव्हतोच?

देवगडी_डॉ: कर्व्हिलिनियर कपाटात खोक्यातच होता. वॉर्डबॉयला झोपवून महाधमनी पाहिली. १.८ सेंटीमीटर. भरपेट जेवून आला होता, पाच मिनिटं दाबून धरावं लागलं.