खुबा पुढून उघडा की मागून: फरक खरा की जाहिरात?

निफाडकर:
आई ६९ वर्षांची. डाव्या खुब्याची गादी झिजून हाडावर हाड आलंय, आता सांधा बदलण्यावाचून इलाज नाही. दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिले म्हणाले, "मागून करतो, वीस वर्षं तसंच करतोय." दुसरे म्हणाले, "पुढून करू, स्नायू कापावा लागत नाही, तिसऱ्या दिवशी जिना चढतील." दुसऱ्यांचा आकडा लाखभराने जास्त, आणि भिंतीवर 'नवे तंत्र' असा फलक.

नवं कसलं? पॅरिसचे सर्जन ज्यूदे बंधू १९४०च्या दशकात पुढूनच जात होते. सर्जन चार्नलींनी १९६२च्या सुमारास इंग्लंडमध्ये हल्लीचा सांधा रूढ केला, ते बाजूने जायचे, तेही मांडीच्या हाडाचा उंचवटा कापून. सगळे रस्ते मांडीचं हाड ज्यात बसतं त्या एकाच वाटीपाशी पोचतात. पुढून-मागून हा निव्वळ बाजार आहे असं माझं मत. बोला.

दोन्ही_खुबे_नवे:
असहमत, आणि तेही स्वतः भोगून. कोविडमध्ये भरपूर स्टेरॉइड झालं, पुढे दोन्ही बाजूंच्या बॉलचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा गेला. वय तेव्हा ४१. उजवा २०२१मध्ये मागून झाला, डावा २०२३मध्ये पुढून. मागून झालं तेव्हा दीड महिना पायांत उशी घालून उताणा झोपलो, मोजे बायकोने घातले, खाली पडलेला रिमोट उचलायचीही चोरी. पुढून झालं तेव्हा दहाव्या दिवशी वॉकर सुटला, तिसऱ्या आठवड्यात काठी. बाजार म्हणणं सोपं आहे हो, दीड महिना उताणं झोपून बघा.

फुकट काहीच मिळत नाही हेही सांगतो. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. दाढीचा ब्रश फिरवला तरी कळत नाही (फिरवून पाहिलाय).

निफाडकर:
पण दुसऱ्या वेळी तुम्ही सरावलेले होतात. वॉकर कसा धरायचा, पलंगावरून कसं उतरायचं, सगळं ठाऊक. श्रेय रस्त्याला किती आणि सरावाला किती?

दोन्ही_खुबे_नवे:
थोडं सरावाचं, मान्य. पण उशी सरावाने नाही सुटली.

फिजिओ_ताई:
उशीचं कारण सांगते. मागून जाताना कुल्ल्याचा मोठा स्नायू तंतूंच्या दिशेने फाकवतात आणि पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडापासून सोडवतात. ते शिवलेले भरून येईपर्यंत गुडघा छातीकडे, पाय आत वळलेला आणि मांडी पलीकडच्या बाजूला, असं तिन्ही एकदम झालं की बॉल वाटीतून मागे निसटू शकतो. म्हणून नव्वद अंशांपलीकडे वाकू नका, पायावर पाय टाकू नका.

लोक मांडी घालायला घाबरतात, पण मांडी घालताना पाय बाहेर वळतो. खरा धोका पाटावरून पुढे झुकून उठताना, आणि भारतीय पद्धतीच्या संडासात. माझ्याकडे येणारे पेशंट ऑपरेशन पुढून की मागून यावर तासभर बोलतात. घरात कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, यावर गप्प. निफाडकर, तुमच्याकडे आहे?

निफाडकर:
कमोड आहे. दांडी नाही. आईचा प्रश्न वेगळाच आहे: विळीवर बसता येईल का?

अस्थिमित्र:
मी हाडांचा डॉक्टर, बहुतेक मागूनच करतो, त्यामुळे कल कुठे असेल ते ओळखा.

पुढचा रस्ता दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जातो, हे खरं. त्या रुग्णांना पहिले काही आठवडे चालणं लवकर जमतं, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय. पण तीनेक महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होतात. मागून करून सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू नीट शिवले तर सांधा निसटण्याचं प्रमाणही बरंच खाली येतं.

पुढून वाटी छान दिसते, मांडीचं हाड मात्र बाहेर काढायला अवघड. हात बसेपर्यंत ते हाड चिरण्याचा धोका जास्त. पोट सुटलेलं असेल तर चीर नेमकी घडीत येते आणि जखम चिघळू शकते. चार्नलींचं नाव निघालं, पण बाजूच्या रस्त्याबद्दल पुढे कोणी बोललं नाही: त्यात सांधा सहसा निसटत नाही, पण कमरेचा तोल धरणारा स्नायू दुखावला तर लंगडणं मागे राहतं. त्यामुळे सर्जनला रस्ता विचारू नका. त्या रस्त्याने वर्षाला किती करता, ते विचारा.

विळीचं उत्तर: ओट्यावर ठेवायची विळी घ्या.

दोन्ही_खुबे_नवे:
डॉक्टरसाहेब, "तीन महिन्यांनी सारखंच" हे तुम्हाला सोपं. माझ्यासारख्या रोज कमावून खाणाऱ्या दुकानदाराला ते तीन महिनेच महत्त्वाचे. दुकान दीड महिना बंद आणि तीन आठवडे बंद, यात घरभाड्याचा फरक आहे.

अस्थिमित्र:
हा मुद्दा मान्य. पण ६९ वर्षांच्या आजींना दुकान उघडायचं नाहीये.

फिजिओ_ताई:
आजींना कशाची घाई आहे हे आपण ठरवू नये. आणि हो, उशिरा उभं राहण्याचं कारण पुष्कळदा चीर नसतेच. दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पायात गुठळी होऊ नये म्हणून घोटे हलवत राहायचे, रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही. घरचेच "पडू दे गं, आराम कर" म्हणतात आणि आठवडा जातो.

निफाडकर:
पहिल्या डॉक्टरांना फोन करून वर्षाचा आकडा विचारला. शांतपणे सांगितला. दुसऱ्यांच्या रिसेप्शनने पॅकेजचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. मत बदललं असं नाही, थोडं मऊ झालंय.

जाता जाता, २०१६मध्ये आईच्या कमरेच्या मणक्यात स्क्रू घातलेत. यात त्याचा काही संबंध येतो का?

अस्थिमित्र:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! बसताना मणका आणि कमरेचं हाड मिळून वळतात, त्याने वाटीचं तोंड फिरतं. मणका जखडला असेल तर ते फिरत नाही, आणि सांधा निसटण्याचा धोका रस्ता कोणताही असो वाढतो. उभं राहून आणि बसून, बाजूने काढलेले दोन एक्स-रे घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे परत जा. वाटी कोणत्या कोनात बसवणार ते विचारा. दोघांपैकी कोणी मणक्याबद्दल आधी विचारलं होतं का?

निफाडकर:
एकानेही नाही.