एन्येमा आणि लीलचा तो हंगाम
नायजेरियाचा फुटबॉल गोलरक्षक व्हिन्सेंट एन्येमा याचं नाव निघतं ते २०१० च्या विश्वचषकातल्या अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यावरून. नायजेरिया ०-१ हरली, तरी सामनावीर तोच. मेस्सी डाव्या पायावर चेंडू घेऊन आत वळायचा, फटका मारायचा आणि हा गडी झेपावून तो बाहेर काढायचा! पण माझ्या मते त्याचा खरा बहर लील या फ्रेंच क्लबमधला. २०१३-१४ मध्ये फ्रेंच लीगमध्ये सलग १,०६२ मिनिटं एकही गोल खाल्ला नाही. नायजेरियाकडून जिंकलेला आफ्रिका चषकही २०१३ चाच. त्याआधी हापोएल तेल अवीव या इस्रायली क्लबकडून तर तो पेनल्टीही मारायचा. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये ल्यों या फ्रेंच क्लबविरुद्ध गोल आहे त्याच्या नावावर. २०१५ मध्ये कर्णधारपद काढून घेतलं आणि १०१ सामने खेळलेल्या या माणसाने नायजेरियाचा संघच सोडला. ते मला आजही सलतं.